भिंग, मसूर आणि कबड्डीचे बूट

खेळाडू असलेल्या कुठल्याही घरी जा. दर्शनी खोलीत शोकेसच्या वरच्या फळीवर चषक मांडलेले दिसतील आणि मागच्या भिंतीवर फोटो. फोटोत काय असते? एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुणे आणि मधे हातात चषक धरून, नव्या ट्रॅकसूटमध्ये अवघडून उभा राहिलेला खेळाडू. तो खेळतो कसा, हे त्या भिंतीवर कुठेच नसते. क्रिकेट किंवा धावण्याच्या शर्यतीचा एखादा तरी फोटो सापडतो, कारण वर सूर्य असतो. बॅडमिंटन, टेबल टेनिस, ज्यूदो किंवा हॉलमधल्या चटईवरची कबड्डी यांचा मात्र सापडत नाही. छपराखाली उजेड कमी आणि खेळाडूचा वेग जास्त. या दोघांची गाठ पडली की साध्या कॅमेऱ्यात नुसते धुके उतरते.

आमच्या घरात हा प्रश्न आला तो भाचीमुळे. माझी थोरली बहीण, अक्का, खानापूर तालुक्यात दिलेली. तिची मुलगी गेली दोन वर्षे शिक्षणासाठी बेळगावात आमच्याकडे राहते आणि कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला असते. सामने असतात कामाच्या दिवशी, भर दुपारी. शेत, गुरे आणि अंथरुणाला खिळलेली सासू सोडून अक्काला येता येत नाही. दाजींना यावेसे वाटत नाही. ते काही वाईट गृहस्थ नव्हेत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी कुराशमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा पारावर बसून चारचौघांत अभिमानाने बोलणाऱ्यांत तेही होते. पण स्वतःच्या मुलीच्या गुडघ्यावरची खपली पाहिली की त्यांचा सूर बदलतो. "उद्या बघायला पाहुणे आले तर काय सांगायचं?" हा त्यांचा प्रश्न. शेवटच्या वर्षाला खेळ बंद, असे त्यांनी दिवाळीत सांगूनही टाकले होते.

अक्का यावर काही बोलली नाही. निघताना मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाली, "अरे, ती तिथं करते तरी काय? तू नुसता कप घेतलेला फोटो पाठवतोस. खेळताना दिसू दे की एकदा. ह्यांनाही दिसू दे."

मोबाइलवर काढून पाठव, असे घरातल्या प्रत्येकाने सुचवले. काढलेही होते. उन्हात मोबाइल झकास फोटो काढतो, पण त्याचा सेन्सर नखाएवढा. हॉलमधल्या उजेडात तो एकामागून एक चारपाच चित्रे घेतो आणि त्यांचे मिळून एक करतो. देवळाचा गाभारा अशा वेळी सुंदर येतो, कारण गाभारा हलत नाही. चढाईला गेलेली मुलगी हलते, आणि मग तिला तीन हात आणि दोन वेण्या येतात.

माझ्याकडे एक जुना कॅनन डीएसएलआर आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे आले तेव्हा घेतलेला. त्याच्याबरोबर ५५-२५० एमएमचा झूम लेन्स आहे. सहलीला, पक्ष्यांना, स्नेहसंमेलनातल्या नाटकाला तो चालतो. कबड्डीला लावला तेव्हा भाचीचा चेहरा जवळ आला खरा, पण पाण्याखालून पाहावा तसा.

ही भानगड मला नीट समजावून दिली ती आमच्या सौ.ने. तिचे माहेर हुबळीचे, शिक्षण सगळे कन्नडमधून, आणि ती शाळेत विज्ञान शिकवते. आपण मराठीत ज्याला भिंग म्हणतो त्याला कन्नड पाठ्यपुस्तकात मसूर म्हणतात. आमटीतला मसूर तोच. लॅटिन भाषेतही 'लेन्स' म्हणजे मसूरच. दाण्याच्या दोन्ही बाजू फुगीर असतात, म्हणून काचेला त्याचे नाव मिळाले. मी इतकी वर्षे 'लेन्स' म्हणत आलो आणि कन्नड माणसाने त्या शब्दाचा नेमका अर्थ आपल्या भाषेत केव्हाच आणून ठेवलेला!

सौ. म्हणाली, "अहो, नळाला अर्धाच तास पाणी येणार असेल तर तुम्ही काय करता? बारीक तोटीखाली घागर ठेवून बसता का?"

फोटोग्राफीचे सगळे गणित या घागरीत आहे. घागर भरणे म्हणजे फोटो पुरेसा उजळ येणे. पाणी म्हणजे उजेड. नळ किती वेळ सोडायचा, म्हणजे शटरचा वेग. आणि तोटी किती रुंद, म्हणजे लेन्समधले छिद्र, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. खेळाडू पळत असल्यामुळे आपल्याला वेळ मिळतो सेकंदाचा पाचशेवा हिस्सा. एवढ्यात घागर भरायची तर तोटी रुंदच हवी.

लेन्सवर हे छिद्र एफ २.८, एफ ५.६ अशा अंकांनी लिहिलेले असते, आणि अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. माझ्या झूमचे छिद्र पूर्ण पुढे ओढल्यावर एफ ५.६ असते. एफ १.८ चा लेन्स घेतला तर त्यातून साडेनऊपटीहून जास्त उजेड आत येतो. आमच्या हॉलमध्ये आयएसओ ३२०० ठेवून झूमने १/६० सेकंदाच्या वर जाता येत नव्हते. एफ १.८ ने त्याच उजेडात १/५०० च्याही पुढे जाता येते. ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने सरकणारी मुलगी १/६० सेकंदात आठ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. १/५०० मध्ये फक्त एक. धूसर आणि स्पष्ट फोटोत फरक आहे तो या सात सेंटिमीटरचा.

आता प्रश्न पैशाचा. पेपर तपासणीचे मानधन आणि थोडी शिल्लक मिळून माझ्याकडे २५ हजार रुपये होते. दुकानात गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवला तो वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार वापरतात तो ७०-२०० एमएम, एफ २.८ चा झूम. हातात घेतला तर दीड किलोच्या आसपास वजन, आणि किंमत लाखाच्या वर. मी तो अलगद परत ठेवला. मग त्याने माझ्या खिशाला परवडेल असा दुसरा झूम काढला. "सर, याच्यात स्टॅबिलायझर आहे. फोटो हलणारच नाही." स्टॅबिलायझर उपयोगाचा असतो, पण तो आपल्या हाताचा थरथराट सावरतो. समोरच्या खेळाडूला जागच्या जागी उभे करण्याची विद्या त्याला येत नाही. त्या झूमचेही छिद्र एफ ५.६ च होते. दोनशे-तीनशे एमएम, लांबचे जवळ, असे सगळे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते. छिद्राचा अंक बारीक अक्षरांत असतो, आणि छपराखालच्या खेळाला आधी पाहायचा असतो तो हाच.

थोडक्या पैशात मोठे छिद्र हवे असेल तर झूमचा मोह सोडावा लागतो. एकाच मापाचे, न सरकणारे लेन्स मिळतात. त्यांना प्राइम म्हणतात. माझ्या आवाक्यात दोन होते. ५० एमएम, एफ १.८ हा नवा दहा हजारांच्या आसपास. आणि ८५ एमएम, एफ १.८ हा जुना, वापरलेला, १९ हजारांना. ८५ चा लेन्स फोकसला चपळ, आणि खेळाचे फोटो काढणारे बहुतेक लोक त्याचेच नाव घेतात. माझाही कल तिकडेच होता.

रात्री जेवताना हा विषय निघाला. भाची गप्प बसून ऐकत होती. १९ हजार हा आकडा ऐकल्यावर ताटाकडे बघतच म्हणाली, "मामा, फोटोचं नंतर बघू या का? माझ्या बुटाचा तळ सुटलाय. चटईवर पाय सरकतो."

कोणी काही बोलले नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिला जे म्हणायचे होते ते मराठीत वा कन्नडमध्ये सांगण्याची गरज नव्हती. बूट घ्यायचेच होते, गुडघ्याचे पॅडही. म्हणजे २५ हजारांत आता लेन्स एकटा नव्हता.

रविवारी सकाळी मापाची टेप घेऊन हॉलवर गेलो. शिपायाला वाटले फरशी बदलणार आहेत! महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि तिथून २ मीटरवर अंतिम रेषा. चढाईला आलेल्या मुलीचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेच्या पलीकडे कोपऱ्यात बसायला हवे. आमच्या हॉलमध्ये तिथे भिंतीपर्यंत जेमतेम तीन मीटर जागा आहे. म्हणजे मी भिंतीला टेकून बसलो तर खरी झटापट माझ्यापासून चार ते सहा मीटरवर होणार.

यापुढचे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच. २२ ला लेन्सच्या एमएमने भागायचे आणि अंतराने गुणायचे, की फोटोत किती रुंदी मावेल ते कळते. पाच मीटरवरून ५० एमएममध्ये २.२ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच एवढा भाग येतो. वाकलेली चढाईपटू आणि तिचा पाय धरणारी मुलगी, दोघी मावतात. तेवढ्याच अंतरावरून ८५ मध्ये फक्त १.३ मीटर रुंदी आणि ९० सेंटिमीटरही नाही एवढी उंची. चेहरा आला तर पकड सुटणार, पकड आली तर डोके कापले जाणार. लोकांनी ८५ ची स्तुती केली ती खोटी नव्हती, पण त्यांचे हॉल मोठे होते.

आणखी एक गोष्ट ५० च्या बाजूची निघाली. छिद्र मोठे केले की फोटोतला स्पष्ट भाग उथळ होतो. एफ १.८ ला, पाच मीटरवर, ८५ एमएममध्ये तो जेमतेम वीतभर असतो. नाक स्पष्ट, मागे राहिलेला हात धूसर. ५० मध्ये तो जवळजवळ तिप्पट मिळतो. सारांश, आमच्या हॉलसाठी स्वस्तातला लेन्सच योग्य ठरला. तो आणला, बूट आणले, पॅड आणले आणि उरलेले पैसे बँकेत परत गेले. सौ. म्हणाली, "साकु." म्हणजे आता पुरे.

हे गणित दुसऱ्या खेळाला जसेच्या तसे लावू नये. बॅडमिंटनचे मैदान १३.४० मीटर लांब असते आणि आपल्याला रेषांपासून दूर बसावे लागते. तिथे आठ मीटरवरून ८५ एमएमचा कॅमेरा उभा धरला तर सुमारे दोन मीटर उंची मावते. म्हणजे एक खेळाडू पायापासून डोक्यापर्यंत. टेबल टेनिसला जवळ बसू देत असतील तर ५० पुरतो. सज्जातूनच काढायचे असतील तर ८५ हवा. आधी हॉल मोजा, मग दुकानात जा.

जुना लेन्स घेणाऱ्यांनी टॉर्च खिशात ठेवावा. अनेक हौशी लोक आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहेत, त्यामुळे डीएसएलआरचे चांगले लेन्स वापरलेल्या बाजारात येतात. पण आपल्याकडचा पावसाळा काचेला सोसत नाही. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार पाडून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सौदा तिथेच सोडावा. मला १९ हजारांत सांगितलेल्या ८५ मध्ये काठाला असेच धागे होते. घरी आणल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आणि निकॉनवाल्यांसाठी एक सूचना: डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुने 'एएफ-डी' लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेलाच घ्यावा.

सामन्याच्या दिवशी हॉल भरलेला होता. आपल्याकडच्या सामन्यांची गंमत अशी, की एका कोपऱ्यातून "धर, धर" आणि दुसऱ्यातून "हिडी, हिडी" असा एकाच वेळी गजर होतो, आणि खेळणाऱ्या मुलींना दोन्ही सारखेच कळते. मी भिंतीला पाठ लावून बसलो. आयएसओ ३२००, छिद्र एफ २, वेग १/५००. फ्लॅश बंद, कारण चढाईच्या ऐन क्षणी डोळ्यांवर लख्ख उजेड टाकणे खेळाडूशी अन्याय आहे. ५० एमएमचा हा लेन्स फोकसला थोडा संथ, म्हणून फोकस निदान रेषेवर आधीच लावून ठेवला. चढाईला आलेल्या प्रत्येकीला तिथे यावेच लागते. ती रेषा न ओलांडता, गडी न मारता परतली तर ती बाद.

काही फोटो उजळ, काही त्याच जागी पिवळट आणि काळपट आले. तो दोष लेन्सचा नव्हे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे हॉलमधले जुने दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना कळत नाही, १/५०० च्या शटरला कळते. उपाय साधा: एका क्षणाचे तीन-चार फोटो सलग काढायचे, एखादा तरी प्रखर उजेडात सापडतो. त्या दुपारी मी सहाशेच्या आसपास फोटो काढले. ठेवण्याजोगे वीस निघाले.

त्यांतला एक मोठा करून घेतला. भाचीचा डावा घोटा एका मुलीने दोन्ही हातांनी धरला आहे, दुसरी तिच्या कमरेकडे झेपावते आहे, आणि भाची पूर्ण आडवी होऊन मध्यरेषेच्या दिशेने वळली आहे. वेणी हवेत, तोंड उघडे, कारण दम तुटू द्यायचा नाही. नव्या बुटाचा तळ चटईत रुतलेला स्पष्ट दिसतो.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गावी गेलो. अक्काने पदराने हात पुसून फोटो घेतला, उंबऱ्यावर उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग लेकीला म्हणाली, "एवढा जोर आहे होय ग तुझ्यात?" आणि फोटो आत सासूबाईंना दाखवायला घेऊन गेली.

तो परत बाहेर आला तेव्हा दाजींनी मागून घेतला. चष्मा लावला. खपलीबद्दल, पाहुण्यांबद्दल काही बोलतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फोटोतल्या धरलेल्या घोट्यावर बोट ठेवले.

"यातनं सुटलीस का?"

"सुटले की," भाची म्हणाली. "दोन गुण मिळाले."

"ते कसं? पाय तर पुरता धरलाय हिनं."

मग अंगणात दोन पाट आणि एक घमेले ठेवून मैदान आखले गेले. घमेले म्हणजे कोपऱ्यातली मुलगी. भाचीने घोटा कसा फिरवायचा, बोट रेषेला कसे लावायचे ते दाखवले. बोट पोचले की धरणाऱ्या दोघीही बाद, हे दोनदा समजावले. २०१० पासून महिलांची कबड्डीही आशियाई स्पर्धेत आहे आणि २०२३ मध्ये हांगझोऊला भारतीय मुलींनीच सुवर्ण जिंकले, हेही तिने मधेच सांगून घेतले. दाजी उकिडवे बसून ऐकत होते. लहानपणी आपण हुतूतू खेळायचो, तेव्हा असे बोनस वगैरे काही नव्हते, असे एकदा म्हणाले.

खेळ चालू ठेव, असे ते म्हणाले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा एसटीपर्यंत सोडायला मात्र आले, आणि भाचीला विचारले, "मार्चमधले सामने कितवी तारखेला म्हणालीस?"